उपाशी पोटाला घाई सोसत नाही

मैत्रिणींनो, "दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगतं", "जेवण छातीशीच अडून बसतं", "चार-चार दिवस पोट साफ होत नाही" अशा तक्रारी घरात कुणी ना कुणी करतच असतं. पण जी मुलगी बारीक होण्याच्या नादात महिनोन्महिने अर्धपोटी राहिली आहे, किंवा जे मूल अन्नावाचून आणि आजारानं खंगलं आहे, त्यांची ही तक्रार वेगळी असते. अशा वेळी आपण काय करतो? आधी ओवा-हिंग, मग टॉनिकची बाटली, मग पाचक गोळ्या. आणि अलीकडे तर "ऑक्सिजन उपचार" ही नवीच गोष्ट कानावर येऊ लागली आहे. बंद पेटीत बसून दाबाखालचा ऑक्सिजन घ्या, नाहीतर ऑक्सिजनचे थेंब पाण्यातून घ्या, मंदावलेलं पचन ताळ्यावर येईल, असं सांगितलं जातं.

खरंच येतं का हो? याचं उत्तर शोधायला आपण शहरातल्या गुळगुळीत दवाखान्यात न जाता जव्हार-मोखाड्याला जाऊ या. कारण उपाशी पोटाचं काय होतं आणि ते पुन्हा कसं चालू करायचं, हे ज्यांना रोज पाहावं लागतं अशी माणसं तिथं आहेत.

डोंगरावरची भूक

जव्हार म्हणजे मुकणे राजांचं जुनं संस्थान. थंड हवेचं, हिरवंगार गाव. पावसाळ्यात धबधबे पाहायला मुंबईची मंडळी तिथं जातात. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून ते पालघरमध्ये आहेत. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजाची. उतारावरच्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर भात, नागली म्हणजे आपली नाचणी, वरई आणि उडीद एवढंच काय ते पिकतं. दिवाळी झाली की घरातलं धान्य आटू लागतं आणि कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर नि बांधकामांवर कामाला निघतात. तान्ही मुलं आईबरोबर जातात. भट्टीवर आई विटा पाडते आणि सहा-सात वर्षांची ताई धाकट्याला सांभाळते.

१९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून जास्त बालकं दगावल्याची बातमी आली आणि सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर मुलं भुकेनं मरतात, हे कुणाला खरं वाटेना. त्यानंतर योजना आल्या, रस्ते आले, अंगणवाड्या वाढल्या. तरी २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी हा प्रश्न पुन्हा वर्तमानपत्रांत आणला. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे इथं आहे. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या राहतात. पाणी गढूळ मिळालं की हगवण आली, आणि हगवण आली की खाल्लेलं अंगी लागत नाही. पोटाचं दुखणं म्हणजे नुसतं पोटाचं नसतं, ते असं.

उपाशी पोटात काय घडतं?

आपली समजूत अशी, की पोट म्हणजे रिकामी पिशवी. भरली नाही तर रिकामी राहील, भरली की झालं! तसं नाही बरं का. जठर आणि आतडं हे स्नायूंचे आणि नाजूक अस्तराचे अवयव आहेत. अन्न मिळेनासं झालं की शरीर काटकसर सुरू करतं, आणि या काटकसरीची कुऱ्हाड पचनसंस्थेवरही पडते.

आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक तंतू असतात. अन्नरस शोषून घेण्याचं काम त्यांचं. कुपोषणात हे तंतू आखूड आणि चपटे होतात. पाचकरस कमी पाझरतात. दुधातली साखर पचवणारा रस आटतो, म्हणून खंगलेल्या मुलाला एकदम बरंच दूध पाजलं तर जुलाब होऊ शकतात. जठरातलं आम्ल कमी झाल्यानं जंतूंचं फावतं. जठराचे स्नायू अशक्त झाल्यानं अन्न पुढं सरकायला वेळ लागतो. म्हणूनच दोन घासांत पोट फुगतं, मळमळतं, मलावरोध होतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भूकच मरते!

मैत्रिणींनो, हे वाक्य अधोरेखित करून ठेवा: अतिकुपोषित मुलाला पुष्कळदा भूक लागत नाही. आपल्याला वाटतं, उपाशी आहे म्हणजे वाडग्यावर तुटून पडेल. उलट ते तोंड फिरवतं, किरकिरतं, नाहीतर मलूल पडून राहतं. "आमचं पोर खातच नाही, हट्टी आहे" असं आई म्हणते, आणि तिला वेड्यात काढलं जातं. पण हा हट्ट नव्हे, हे आजाराचं लक्षण आहे. म्हणून अशा मुलाची "भूक-चाचणी" घेतात. ठरावीक खाऊ शांतपणे आईच्या मांडीवर देऊन पाहायचा. मुलानं पुरेसा खाल्ला आणि दुसरा काही त्रास नसला, तर त्याला गावातच सांभाळता येतं. खाल्लाच नाही, तर त्याला रुग्णालयात दाखल करायचं.

या आजाराचा एक प्रकार १९३३ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, पाहून लिहिला. तिथल्या बायका त्याला क्वाशिओरकोर म्हणत. पाठचं भावंड आल्यावर अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारं दुखणं, असा त्याचा आशय. हातपाय सुजतात, केस भुरे पडतात. सुजेमुळं मूल गुबगुबीत दिसतं आणि घरचे फसतात. पाठोपाठची बाळंतपणं आणि कुपोषण यांचं नातं त्या आफ्रिकी बायकांनी डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं, नाही का?

एकदम भरलेलं ताट घातक

आता तुम्ही म्हणाल, कळलं की! मग घाला भरपूर खायला. पण नेमकं इथंच थांबायला हवं.

१९४५ साली जर्मनीतल्या बेल्सनच्या छळछावणीतून कैद्यांची सुटका झाली. सैनिकांनी दयेपोटी आपलं डबाबंद, तेलकट अन्न त्यांच्यापुढं ठेवलं. महिनोन्महिने उपाशी असलेली ती माणसं जेवली, आणि त्यांतली कित्येक त्या अन्नानंच दगावली. मग १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपयोगी पडलेली तांदूळ-साखरेची गोडसर पेज तिथं देऊन पाहिली. पण त्या युरोपीय जिभांना ती फार गोड लागली. पेजेत त्यांच्या सवयीची लाल मिरपूड घातल्यावर ती बरी जाऊ लागली! औषध म्हणून दिलेलं अन्नसुद्धा ओळखीच्या चवीचं असावं लागतं.

एकदम खाल्ल्यानं माणूस दगावतो तो का? उपासमारीत शरीर आपलीच चरबी आणि स्नायू जाळून दिवस ढकलत असतं. अचानक भरपूर अन्न आलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांची तूट पडते, अशक्त हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास अडतो. म्हणून फार खंगलेल्या माणसाचं पहिलं जेवण हा डॉक्टरांनी ठरवायचा विषय आहे.

जव्हारमध्ये मूल कसं सावरतं

जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय हा या भागाचा मोठा आधार. गंभीर कुपोषित मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत जी पोषण पुनर्वसन केंद्रं चालतात, त्यांत जागतिक आरोग्य संघटनेनं घालून दिलेली पद्धत वापरतात. ती ऐकलीत तर थक्क व्हाल, इतकी ती स्वयंपाकघराच्या जवळची आहे.

पहिले काही दिवस मुलाचं वजन वाढवायचा प्रयत्नच करायचा नाही! आधी ऊब द्यायची, रक्तातली साखर सांभाळायची, जंतुसंसर्गावर औषध द्यायचं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं पातळ दूध-मिश्रण द्यायचं. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम ७५ कॅलरी असतात. दूध, साखर, तेल, पाणी आणि कुठं चुरमुऱ्यांची पूड, एवढंच त्यात असतं. लोहाचं औषधसुद्धा या दिवसांत देत नाहीत. बहुधा दोन ते सात दिवसांत सूज ओसरू लागते, मूल वाटीकडं बघू लागतं, भूक परत येते. मग जरा ताकदीचं मिश्रण, १०० मिलिलिटरला १०० कॅलरींचं. मग घरचं मऊ जेवण. आणि या सगळ्याबरोबर खेळ, गाणी, आईचा सहवास. तोही उपचाराचाच भाग म्हणून सांगितलेला आहे.

बघा, यात पाचक गोळी नाही, टॉनिक नाही. आतड्याचं अस्तर पुन्हा उभं करणारं औषध म्हणजे अन्नच. पण ते थोडं, वरचेवर आणि धीरानं.

अडचण असते ती आईची. दोन आठवडे किंवा जास्त दिवस रुग्णालयात राहायचं तर घरच्या दुसऱ्या लेकरांना कोण बघणार? रोजगार कसा बुडवायचा? बुडत्या मजुरीची भरपाई म्हणून थोडी रक्कम देतात, पण ती पुरतेच असं नाही. म्हणून कित्येक बाया अर्ध्यावर मूल उचलून घरी नेतात. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरं तर तिच्या घरी चार दिवस भाकरी पोचवणारी जाऊ किंवा शेजारीण ही नर्सबाईंइतकीच मोलाची.

मग ऑक्सिजनचं काय?

ऑक्सिजन हे मोठं औषध आहे, पण ज्याला त्याची तूट आहे त्याला. कोविडच्या साथीत २०२१ साली आपण सर्वांनी हे पाहिलं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हाच घराघरांत आला. कुपोषित मुलाला न्यूमोनिया लवकर गाठतो. श्वास भराभर चालतो, छाती आत ओढली जाते, आणि ऑक्सिजनचं प्रमाण ९० टक्क्यांखाली गेलं की ऑक्सिजन द्यावाच लागतो. त्यानं जीव वाचतो. दाबाखालच्या पेटीतला ऑक्सिजनही काही ठरावीक आजारांत कामी येतो. खोल पाण्यातून वर आलेल्या पाणबुड्याला होणारा त्रास, विषारी धुरानं झालेली बाधा, मधुमेहाच्या न भरणाऱ्या काही जखमा, हे त्याचे रुग्ण.

पण उपासमारीनं मंदावलेलं जठर या यादीत नाही. खाण्याच्या विकारातल्या पोटाच्या तक्रारींवर ऑक्सिजन हा मान्यताप्राप्त उपचार नाही. तिथं तूट हवेची नसून अन्नाची आहे. चूल पेटायची तर वारा लागतो हे खरं, पण सरपणच नसेल तर फुंकणीनं किती फुंकणार?

आणि "ऑक्सिजनचे थेंब" म्हणून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यातून घेण्याचा प्रकार तर सरळ धोक्याचा आहे. त्यानं घसा आणि जठर भाजतं, रक्तात वायूचे बुडबुडे जाऊन जीवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००६ सालीच याविरुद्ध इशारा दिला होता. अशी बाटली घरात आली तर ती मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि स्वतःही घेऊ नका.

भरल्या घरातली उपाशी मुलगी

आता आपल्या घराकडं वळू या. मोखाड्याच्या पाड्यावरच्या मुलाला अन्न मिळत नाही. शहरातली एखादी मुलगी समोरचं ताट दूर सारते. दोघांच्या दुःखाची जात वेगळी, कारणं वेगळी. गरिबी आणि मनाचा आजार एकाच मापानं मोजू नयेत. पण आतड्याला कारण कळत नाही, त्याला फक्त उपास कळतो.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव सर विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दिलं. हा नखरा नव्हे, आजार आहे, आणि मनाच्या आजारांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. अशी मुलगी म्हणते, "आई, खरंच पोट दुखतं गं, खाववत नाही." आपल्याला वाटतं बहाणा करते. बहाणा नसतो तो! तिचं जठर खरंच मंदावलेलं असतं. पण पोट दुखतं म्हणून खायचं नाही, आणि खात नाही म्हणून पोट आणखी मंदावतं, असं हे चक्र फिरत राहतं. ते तुटतं ते ठरल्या वेळी थोडं थोडं खाल्ल्यानंच. पोषण सुधारू लागलं की बहुतेकींचं फुगणं नि मलावरोध काही आठवड्यांत कमी होतो. सुरुवातीचे दिवस मात्र त्रासाचे असतात. तेवढ्यात धीर सुटू देऊ नये.

अमेरिकेत १९४४-४५ साली ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. धडधाकट मुलं ती, पण काही आठवड्यांत चिडचिडी झाली, दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. पुन्हा खायला मिळू लागल्यावरही सावरायला त्यांना कित्येक महिने लागले. म्हणजे उपासमार मनालाही पोखरते. तेव्हा मुलीला "नाटकं करू नकोस" म्हणण्याआधी हे आठवा.

पाळी बंद होणं, सारखी थंडी वाजणं, चक्कर येणं, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन दार लावणं, अंगावर बारीक लव येणं, ही लक्षणं दिसली तर आधी फॅमिली डॉक्टर आणि मग मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

घरात एवढं कराच

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड अंगणवाडीत पट्टीनं मोजून घ्या. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर धोका, साडेबारापर्यंत सावधगिरी.

दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघा. खळगा तसाच राहिला तर सूज आहे; त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लहान मुलाच्या जठरात एका वेळी फार मावत नाही. वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिलिलिटर धरा. म्हणजे आठ किलोच्या बाळाला एक मोठी वाटी! म्हणून मोठ्यांसारखं दोनदा जेवून त्याचं भागत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा द्या.

पातळ पेज पोट भरते, अंग भरत नाही. नाचणीला मोड आणा, वाळवा, हलकी भाजा आणि दळा. मोडामुळं पिठातलं पिष्ट फुटतं आणि खीर घट्ट होत नाही. त्यामुळं तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. वर चमचाभर तेल किंवा तूप आणि शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. जव्हारची नागली ही अशी गुणाची आहे. ती सोडून महागड्या डब्यांच्या मागं लागायचं कारण नाही.

जुलाब लागले तरी अंगावरचं दूध आणि खाणं बंद करू नका. "पोटाला विश्रांती" देण्याची जुनी समजूत खंगलेल्या मुलाला मारक ठरते. जलसंजीवनी द्या, १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हिच्या बळावर हजारो जीव वाचवले. जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्यानं १४ दिवस झिंक. मात्र मूल अतिकुपोषित असेल तर जलसंजीवनीही आरोग्यसेविकेच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्या, कारण त्याच्या हृदयाला जास्तीचं मीठपाणी झेपत नाही.

मुलीला किंवा मुलाला जेवताना टोकू नका, त्यांच्या वजनावरून बोलू नका, ताटाचा पहारा करू नका. सोबत बसून जेवा.

आणि गरोदर सुनेच्या, लेकीच्या ताटाकडं आधी बघा. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली सुरू झाली, पुढं मुलांसाठी अंडी-केळीही त्यात आली. तुमच्याकडं कामाला येणारी बाई, तुमच्या इमारतीच्या बांधकामावर राबणारी बाई कदाचित त्याच डोंगरावरून आलेली असेल. तिच्या लेकराचा दंड मोजलाय का, जवळची अंगणवाडी तिला ठाऊक आहे का, एवढं विचारलंत तरी पुष्कळ. गाव सोडलं म्हणून तिचा हक्क संपत नाही. तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीतही त्या मुलाचं नाव घालता येतं. तिला एकटीला जायला भीड वाटते. तुम्ही बरोबर गेलात तर काम होतं.

मैत्रिणींनो, पचन बिघडलं की आपण काहीतरी चमत्कारी शोधू लागतो. उपाशी पोटाला चमत्कार नको असतो. त्याला ओळखीच्या चवीचं, मऊसं, थोडंसं अन्न हवं असतं, दर दोन-तीन तासांनी, आणि ते भरवणारं कुणीतरी न कंटाळणारं माणूस.